एका घरातून एकच गाडी

१२ जानेवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज थोडं लिहा. काय लिहू विचारलं, तर म्हणाल्या, मनात येईल ते. मनात काही येत नाही हीच तर तक्रार घेऊन गेलो होतो! पण शेजारच्या खुर्चीतून ही माझ्याआधीच "हो हो, लिहील की" म्हणून मोकळी झाली. म्हणून लिहितोय.

तर मी गाड्यांच्या कारखान्यात ड्रॉइंगं तपासायचो. दुसऱ्याने काढलेलं ड्रॉइंग माझ्या टेबलावर यायचं, मी लाल पेनाने चुका काढायच्या आणि परत पाठवायचं. डिझाइनवाले मला 'लाल मुंगी' म्हणायचे. मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. गेल्या वर्षी आमचा विभाग बंद झाला. आता ते काम एक प्रोग्राम करतो. निरोपाच्या कार्यक्रमात साहेब म्हणाले की प्रोग्राम चहाला उठत नाही आणि कुणाशी भांडत नाही. सगळे हसले. मीही हसलो.

त्याच्या पुढचं लिहायचं नाही. पलंग, भिंत, पलंग.

१५ जानेवारी

आज सांगण्यासारखं आहे. इंटरनेटवर एक मंडळ सापडलं. तिथे लोक एका प्रोग्रामवर आपापली गाडी बनवतात. सांगाडा, इंजिन, गिअर, स्प्रिंगा, सगळं आपण ठरवायचं. मग गाडीची फाइल आयोजकाकडे पाठवायची. तो सगळ्या गाड्या आपल्या कॉम्प्युटरवर एका ट्रॅकवर उतरवतो आणि शर्यत लावून सगळ्यांना दाखवतो. चालवायला माणूस नाही, कॉम्प्युटरच चालवतो, सगळ्या गाड्या सारख्याच हुशारीने. म्हणजे जिंकतो तो डिझाइन करणारा.

दोन जुन्या शर्यती पाहिल्या. नियमांच्या नावाने नुसती बोंब. एका महाभागाने गाडीच्या पोटात चौदा स्पॉयलर, म्हणजे वाऱ्याच्या जोरावर गाडी खाली दाबणाऱ्या फळ्या, दडवले होते. चौदा! वरून दिसत नाहीत, पण गाडी रस्त्याला चिकटून पळते. आयोजक म्हणतो, नियमात कुठे लिहिलंय नाही म्हणून? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कित्येक महिन्यांत कसली आग म्हणून कुठे गेली नव्हती.

ही संध्याकाळी दुकानातून आली. चष्म्याच्या दुकानात असते ती. गाडीतलं तिला एवढंच कळतं की बसल्यावर पट्टा लावायचा. तिला म्हटलं, मी अशी एक स्पर्धा घ्यावी म्हणतोय. पाच शर्यतींची. नियम माझे. तिने हातातली पिशवी तशीच खाली ठेवली आणि म्हणाली, "घे. घेच."

एवढा काय उत्साह, कळलं नाही.

२१ जानेवारी

नियम पुरे झाले. एकतीस पानं. वजन, इंजिन, टायरची रुंदी, दारं उघडतात की नाही, स्पॉयलर किती, कुठे, कोणत्या कोनात, आणि पोटात तर नाहीच नाही.

नियम चार: सुरुवातीच्या रेषेवर किमान आठ गाड्या हव्यात. एकही कमी पडली तर स्पर्धाच रद्द. आठाच्या खाली ती शर्यत नव्हे, संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालेली मंडळी.

नियम नऊ: एका घरातून एकच गाडी. नाहीतर एकच जण भावाच्या, मेव्हण्याच्या नावाने चार गाड्या घुसवतो आणि तीन गाड्यांनी बाकीच्यांची वाट अडवतो. आयोजकाच्या घरातून तर एकही गाडी नाही. आमच्या घरातून कोण डोंबल भाग घेणार आहे, पण पंचाने सुरुवात स्वतःपासून करावी.

अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सगळे नियम वाचले. ते आमच्याकडेच असतात. जन्मभर कोर्टात कारकुनी केली, आता गुडघे गेलेत, मागच्या खोलीत पेपर वाचत बसतात. म्हणाले, "जावईबापू, सगळं आहे. फक्त जन्मठेपेची तरतूद राहिली."

मी म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीत घालू.

४ फेब्रुवारी

तेरा जणांनी नावं दिली! मंडळात खरी नावं कुणी वापरत नाही. मी 'पंच'. एक 'गिअरबाबा' आहे, तोच तो चौदा स्पॉयलरवाला, प्रत्येक वाक्यानंतर तीन उद्गारचिन्हं ठोकतो. एक 'लोखंडी' आहे, त्याला काम कळतं. बाकी होतकरू.

तपासणीत दोन गाड्या बाद केल्या. एकीचं वजन अर्ध्या किलोने कमी. त्याने लिहिलं, "पंच, अर्धा किलो म्हणजे एक पाण्याची बाटली हो!" मी उत्तर पाठवलं, मग ठेवायची होतीत बाटली.

दाढी केली. आरशात बरा दिसलो.

९ फेब्रुवारी, रविवार

काय सांगू! अकरा गाड्या रेषेवर. मी माईकवर बोलत होतो, आवाज सुरुवातीला चिरका येत होता, मग सुटला तो सुटलाच. लोखंडीची गाडी पहिली. गिअरबाबाची वळणावर घसरली, तेव्हा मी "गेली, गेली, गेली" असा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या बाई वर बघायला आल्या. मागे ही आणि अप्पा खुर्च्या टाकून बसले होते. अप्पांनी टाळ्या वाजवल्या. हिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शर्यत संपेपर्यंत काढला नाही. माईक पकडायला जरा अडचण होत होती, पण बोललो नाही.

१७ फेब्रुवारी

कालची दुसरी शर्यत नऊ गाड्यांवर आली. तपासणीत मी कुणालाच बाद केलं नव्हतं, दोघं आपणहून गेले. आज आणखी एक गेला. जाताना लिहून गेला, "आम्ही खेळायला आलो होतो, परीक्षा द्यायला नाही."

नियमांशिवाय खेळ? असला खेळ घरी खेळावा, चादरीखाली.

२० फेब्रुवारी

पाच उरले. रविवारी तिसरी शर्यत आहे आणि पाच.

आणखी तिघांनी मिळून पत्र लिहिलं की पंच माणसाला माणूस समजत नाही. एकाच्या गाडीचा मागचा दिवा दोन बोटं खाली होता, मी त्याला तीन पानी उत्तर दिलं होतं. तीन पानं कमी पडतील म्हणून चौथं सुरू केलं होतं, ते पाठवलं नाही. आता वाटतंय, पहिलंही पाठवायला नको होतं.

दुपारी पडलो. भिंत तिथेच आहे.

मी कारखान्यातही हेच केलं असणार. लोकांना नकोसा झालो असणार आणि प्रोग्रामचं फक्त निमित्त. आता इथेही तेच. या पाच जणांना उद्या सांगायचं की रद्द. मग परवा काय? मग तेरवा काय? कुणी मला सांगावं. खरंच, कुणीतरी सांगावं. श्वास घ्यायचासुद्धा कंटाळा येतो असं डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी हिच्याकडे बघितलं होतं.

२१ फेब्रुवारी

न्हाणीघराची आतली कडी कुणीतरी काढलीय. चार भोकं तेवढी उरलीत. अप्पांना विचारलं, तर म्हणाले, गंजली होती. कुठे गंजली होती? हिला म्हटलं, दुसरी आण, तर "बघू" म्हणाली. माझ्या गोळ्यांचं पाकीटही ही पर्समध्ये घालून दुकानात नेते आणि सकाळ-संध्याकाळ हातावर एक-एक ठेवते. विसराळूपणाची हद्द आहे. माझी औषधं दुकानात कशाला फिरवायची?

आज उठलो तो फक्त याचसाठी, कडी बघायला.

२२ फेब्रुवारी

तीन नव्या गाड्या आल्या!

आज सकाळी, रद्दची सूचना लिहायला बसलो होतो, आणि एकामागून एक तीन फायली. 'ससा', 'पेन्शनर' आणि 'शिट्टी'. पाच आणि तीन आठ. मोजून आठ. मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

गाड्या मात्र बघण्यासारख्या आहेत, म्हणजे रडण्यासारख्या. सशाची गाडी पांढरी, गुबगुबीत, पुढचे दिवे चष्म्यासारखे गोल. इंजिन शिवणयंत्राला शोभेल असं. पेन्शनरने आसन इतकं उंच केलंय की चालकाचं डोकं छताला घासेल. कारण लिहिलंय, "सप्रेम नमस्कार. खाली बसून उठताना त्रास होतो, सबब उंची वाढवली आहे. कळावे." अहो, कॉम्प्युटर चालवतोय! त्याला कसले गुडघे? शिट्टीची गाडी बरी आहे, पण टायर चुकीचे.

पण एक आहे. तिन्ही गाड्या नियमांत तंतोतंत. असं आजवर झालं नव्हतं. तिघांनी एकतीस पानं वाचली असणार, आणि नुसती चाळलेली नाहीत.

रात्री ही म्हणाली, "काय रे, आज जरा बरा दिसतोस."

म्हटलं, लोक येतायत. चांगलं काही असलं की येतात लोक.

२३ फेब्रुवारी, रविवार

तिसरी शर्यत पार पडली. ससा शेवटून पहिला. पेन्शनर त्याच्या पुढे, अतिशय सावकाश, पण एकदाही घसरला नाही. मी माईकवर जरा टर उडवली. "ससा आहे की कासव? ही गाडी आहे की फ्रिजला चाकं लावलीत?" पाहणाऱ्यांना मजा आली. मागे अप्पा खो खो हसले. ही मात्र पाणी आणायला उठून गेली.

शर्यतीनंतर सशाचा निरोप आला. "पंचसाहेब, गाडी वळणावर बाहेर का जाते? आणि जेवलात का?"

दुसऱ्या प्रश्नाचा शर्यतीशी काय संबंध? पहिल्याचं उत्तर सविस्तर दिलं. पुढची स्प्रिंग मऊ कर, मागची कडक. दोन पानं लिहिली. लाल शाई न वापरता, शांतपणे. त्याला कळेल असं. बरं वाटलं.

२ मार्च

सशाचे प्रश्न रोज येतात, बहुधा दुपारी. प्रश्न बावळट असतात, पण एकदा सांगितलं की परत विचारत नाही. कारखान्यात असा एकही शिकाऊ मिळाला नाही मला. आज विचारतो, डिफरन्शियल कशासाठी? मी दोन बशा आणि एक पेन्सिल घेऊन फोटो काढून समजावलं. नंतर ही बशा धुताना म्हणाली, "बशीला पेन्सिलीचे डाग कसे रे पडले?" आणि उगाच हसली.

आक्काचा फोन आला होता. आक्का माझी मोठी बहीण, लांब असते. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणते, "काय रे, रुंद टायर घातले तर मागचे लवकर झिजतात का?" म्हटलं, तुझ्याकडे गाडी कुठेय? तर म्हणे सहज विचारलं. या बायकांचं काही खरं नाही.

९ मार्च, रविवार

आधी चांगलं लिहितो. चौथी शर्यत. ससा तिसरा आला! लोखंडी पहिला, गिअरबाबा दुसरा, आणि हा पांढरा फ्रिज तिसरा. शेवटच्या वळणावर आतून घुसला तेव्हा मी खुर्चीतून उठलो. "अरे वा रे ससोबा!" म्हणून ओरडलो. मागे कुणीतरी किंचाळलं. बघतो तर ही, तोंडावर हात दाबून उभी.

आता दुसरं.

शर्यत संपल्यावर निकाल दाखवायला गेलो आणि चुकून माझ्या कॉम्प्युटरचा सगळा पडदाच सगळ्यांना दिसला. कुठली फाइल कुणाकडून आली त्याचा तक्ता माझ्याकडे असतो, तो. त्यात एक रकाना असतो, फाइल कोणत्या घरच्या इंटरनेटवरून आली त्याचा क्रमांक. गिअरबाबाने चित्र थांबवून फोटो काढला आणि मंडळात टाकला. पंच, ससा, पेन्शनर. तिघांचा क्रमांक एकच.

"एका घरातून एकच गाडी!!! आयोजकाच्या घरातून एकही नाही!!! वा पंच!!!"

दोन बोटं खाली गेलेला दिवा मला दिसतो. हा रकाना मी एकदाही बघितला नव्हता. बघायचं सुचलंच नाही.

लोक काय काय लिहितायत ते इथे उतरवत नाही. माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं, एवढंच होतं की हा माणूस कटकट्या आहे पण लबाड नाही. तेही गेलं.

१० मार्च

उघड आहे, कुणीतरी आमचं इंटरनेट चोरतंय. सकाळीच वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूकडे गेलो. तो बिचारा दात घासत होता. म्हटलं, तुम्ही ससा का? तो म्हणाला, काय? म्हटलं, सशाचं सोंग घेऊन माझी अब्रू घालवताय, लाज वाटत नाही? त्याच्या तोंडातला फेस खाली सांडला. आवाज ऐकून ही धावत वर आली आणि मला दंडाला धरून खाली आणलं.

"त्याला काय बोलतोस," ही म्हणाली. "ससा मी आहे."

मी हसलो. खरंच हसलो. "तू? तुला डिफरन्शियल म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?"

"वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. त्यासाठी असतं. दोन बशा घेऊन तूच शिकवलंस."

मी अप्पांकडे बघितलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. "पेन्शनर हे नाव घेताना मला वाटलं होतं, तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखाल," म्हणाले. "नाही ओळखलंत. जरा वाईटच वाटलं."

मग माझा तोल गेला. म्हटलं, म्हणजे सगळं खोटं. पोराने रडू नये म्हणून हातात खुळखुळा दिलात. आणि मी मूर्ख, माईकवर ओरडत होतो.

"हो, दिला खुळखुळा!" ही पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलली. "काय करायला हवं होतं मी? पाच गाड्या उरल्या आणि तू परत भिंतीकडे तोंड केलंस. दुकानात मी गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावते आणि माझ्या डोक्यात घर असतं. संध्याकाळी दाराची घंटा दाबते ना, आतून अप्पांची पावलं ऐकू येईपर्यंत माझा जीव जाग्यावर नसतो. रोज. मला भीती वाटते रे. तुला कळतंय का, मला तुझी भीती वाटते."

मी नियमांवर आलो. म्हटलं, नियम नऊप्रमाणे तुम्ही दोघं बाद.

"कर."

"मग सहा उरतात. नियम चारप्रमाणे स्पर्धा रद्द."

"तीही कर. पण मग उद्या सकाळी तू काय करणार, तेवढं सांग."



१५ मार्च

काही नाही.

१८ मार्च

या दिवसांत काय झालं ते मला नीट आठवत नाही, आणि आठवायचंही नाही. पडदा लावलेला होता. ही दुकानात गेली नाही, एवढं कळत होतं, कारण घरात तिच्या चपलांचा आवाज येत होता. स्पर्धा रद्द झाल्याची सूचनासुद्धा मी टाकली नव्हती. मंडळात लोक भांडत असतील, भांडोत. आपण नसलो तर कुणाचं काय अडणार आहे, हाच एक विचार, तोच तोच, रहाटाला लावल्यासारखा.

आज दुपारी अप्पा काठी टेकत खोलीत आले. पडदा सरकवला. म्हणाले, "पंचसाहेब, अपील दाखल करायचं आहे."

म्हटलं, अप्पा, पडू द्या मला.

"नियम अठ्ठावीस. बाद झालेल्या स्पर्धकाने लेखी अपील केल्यास पंचाने दोन दिवसांत लेखी व सकारण उत्तर दिलेच पाहिजे. 'दिलेच पाहिजे' हे तुमचे शब्द आहेत. खाली रेघही तुम्हीच मारलीत." त्यांनी दोन कागद माझ्या छातीवर ठेवले. "आज अठरा तारीख. पोच द्या."

"पोच?"

"सही. मी कोर्टात होतो, जावईबापू. पोचेशिवाय हलत नाही."

ते हलेनात. त्या गुडघ्यांवर किती वेळ उभे राहणार म्हणून मी शेवटी उठून बसलो आणि सही केली.

पहिलं अपील त्यांचं. सुवाच्य अक्षर, मुद्दे क्रमवार. मुख्य मुद्दा असा की 'घर' या शब्दाची व्याख्या नियमांत कुठेच नाही. अपीलकर्ता मागच्या खोलीत राहतो, त्या खोलीला बाहेरून स्वतंत्र दार आहे, सबब ते वेगळं घर धरावं.

एकतीस पानं मी उलटीपालटी केली. च्यायला, खरंच व्याख्या नाही! माझ्या नियमांत भोक, आणि ते कोणाला सापडावं? गिअरबाबालाही नाही सापडलं.

दुसरं अपील हिचं. एकच ओळ. "पुढच्या शर्यतीसाठी मी गिअर बदलले आहेत, मला ती शर्यत हवी आहे." ना मुद्दा, ना कलम, ना तारीख. असं अपील लिहितात का? लाल पेन शोधायला उठलो.

१९ मार्च

दिवसभर निकाल लिहिला. तीन कच्च्या प्रती फाडल्या.

मोह झाला, हे लिहून ठेवतो. अप्पांचं म्हणणं मान्य केलं तर सात. घर म्हणजे खोली अशी व्याख्या केली की हीसुद्धा आत, कारण ही हल्ली मला झोप लागावी म्हणून बाहेरच्या खोलीत झोपते. मग आठ. पाचवी शर्यत होईल. परवाची सकाळ सुटेल, तेरवाची सुटेल. व्याख्या नाहीच आहे, मी काहीही लिहू शकतो, कुणी विचारणार नाही. पेन कागदावर टेकवून किती वेळ बसलो होतो कोण जाणे.

मग लिहिलं: ज्यांचा सकाळचा चहा एका भांड्यात उकळतो ते एक घर. दोन्ही अपिलं फेटाळली.

आणि मंडळात सूचना टाकली. आधी नेहमीसारखी लिहिली होती, नियम अमुक, कलम तमुक. ती पुसली. लिहिलं की ससा माझी बायको आहे आणि पेन्शनर माझे सासरे. मला माहीत नव्हतं, पण माहीत असायला हवं होतं. त्यांनी गाड्या पाठवल्या कारण मी अंथरुणातून उठत नव्हतो आणि तुमच्या शर्यतीमुळे उठत होतो. नियम नऊप्रमाणे ते बाद आहेत. सहा गाड्यांवर स्पर्धा होत नाही, म्हणून ती रद्द आहे. ज्यांना मी तीन-तीन पानी उत्तरं दिली त्यांची माफी मागतो. वजनाचा नियम मात्र बरोबरच होता.

पहिलं उत्तर गिअरबाबाचं. एकही उद्गारचिन्ह नाही. "माझे वडील असेच पडून असायचे. आम्हाला सुचलं नाही काही."

मी ते वाचून हमसाहमशी रडलो. दार उघडंच होतं, बाहेर ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

शेवटी शिट्टीचा निरोप. "शाब्बास रे माझ्या राजा. दूध पीत जा." पंचाशी बोलायची ही काय रीत झाली? कुणीतरी एकटा म्हातारा असणार. पण सहांतला एक तरी नवा माणूस खरा निघाला, आपणहून आलेला, याचं बरं वाटलं.

२० मार्च

मुदत आज संपत होती, म्हणून सकाळी लवकर उठलो. निकाल पायजम्यात देत नाहीत. अंघोळ केली, दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. अप्पांची प्रत मागच्या खोलीत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, व्याख्येवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही बाकी पक्की बांधलीत." सही केली.

ही ओट्याशी होती. आधण ठेवलेलं. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "अपिलाचा निकाल."

ती वळली. आधी कागदाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. सदऱ्याकडे, गालाकडे, पायांतल्या बुटांकडे. मग कागद घेतला आणि वाचायच्या आतच रडायला लागली. कागद चेहऱ्यावर धरून, खांदे हलवून. शाई भिजली आणि गालाला लागली.

"अगं, फेटाळलं म्हणून एवढं रडतेस?" म्हटलं. "त्याला माझा इलाज नाही. कारणं दिलीयत खाली. वाच तर. निकाल मी बदलू शकत नाही."

"नको बदलूस," ती म्हणाली. "अजिबात नको बदलूस."

मग मी पेन दिलं. पोच लागते. तिने कागद ओट्यावर ठेवून सही केली, पण दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती, त्यामुळे सही रेघेच्या पार खाली गेली आणि शेवटचं अक्षर राहूनच गेलं. चालवून घेतली.